कण किती वेळ जगला?

1953 साली ‘नेचर’मध्ये तीन ब्रिटिश संशोधकांची एक छोटी नोंद छापून आली. विषय अगदी रुक्ष होता: लोखंडाच्या झोतभट्टीला आतून लावलेल्या विटा. या विटा काही काळाने भुसभुशीत होऊन फुटायच्या आणि कारखान्याला त्याचा भुर्दंड पडायचा. कारण शोधताना असं दिसलं की विटेच्या मातीत लोहाच्या ऑक्साइडचे ठिपके असतात, भट्टीतला कार्बन मोनॉक्साइड साधारण साडेचारशे अंश सेल्सिअसच्या आसपास त्या ठिपक्यांवर विघटित होतो, आणि तिथून कार्बनचे अतिसूक्ष्म, किड्यासारखे वळवळत गेलेले धागे वाढू लागतात. धागे वाढत जातात आणि वीट आतून फाटते. धाग्याच्या वाढत्या टोकाशी लोहाचा किंवा लोह-कार्बाइडचा एक कण असावा, असा तर्कही त्या नोंदीत होता.

आज कार्बन नॅनोट्यूब वाढवणारी जगातली कुठलीही भट्टी घ्या. तिच्यात मुळात हेच घडत असतं. कार्बनयुक्त वायू, तापमान आणि लोह, कोबाल्ट किंवा निकेलचा एक कण. एवढ्या सामग्रीवर नळी उगवते. या रीतीला पुस्तकी मराठीत रासायनिक बाष्प निक्षेपण म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे सीव्हीडी म्हणतात. 1953 च्या त्या माणसांपाशी या तिन्ही गोष्टी होत्या. नळी मात्र त्यांना नको होती.

त्याआधीच्या वर्षी, 1952 मध्ये, रादुश्केविच आणि लुक्यानोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी रशियन नियतकालिकात अशा पोकळ धाग्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रं छापली होती. सुमारे 50 नॅनोमीटर जाडीच्या नळ्या त्यात ओळखू येतात. शीतयुद्धाचा काळ आणि लेख रशियनमध्ये, त्यामुळे पश्चिमेत तो फारसा कुणी वाचला नाही. आणखी मागे गेलं तर 1889 चं एक अमेरिकन पेटंट आहे, ज्यात लोखंडी मुशीत वायूपासून कार्बनचे केस वाढवण्याची कृती दिलेली आहे. 1976 मध्ये मोरिनोबू एंडो यांनी सहकाऱ्यांबरोबर बेन्झिनच्या विघटनातून वाढवलेल्या कार्बन धाग्यांच्या गाभ्यात पोकळ नळी दाखवली. 1987 मध्ये हायपेरियन या अमेरिकन कंपनीच्या नावावर कार्बन ‘फिब्रिल’चं पेटंट निघालं. आणि 1991 मध्ये जपानच्या एनईसी कंपनीतल्या सुमिओ इजिमांनी ‘नेचर’मध्ये विद्युत् ठिणगीच्या पद्धतीने मिळालेल्या, एकात एक बसलेल्या नळ्यांची चित्रं छापली. जग खडबडून जागं झालं ते या पाचव्या वेळी. 2006 मध्ये ‘कार्बन’ या नियतकालिकाला शोधाचं श्रेय कुणाचं यावर संपादकीय लिहावं लागलं. तो वाद आजही कुठे कुठे धुमसतो.

मला तो वाद निष्फळ वाटतो. इजिमांचं मोल कमी करायचं नाही. नळीच्या भिंतीत षट्कोनांची जाळी मळसूत्री वळणाने गुंडाळलेली असते हे त्यांनी नेमकं वाचलं, आणि त्यामुळे नळीला भौतिकशास्त्रात जागा मिळाली. पण ‘प्रथम कुणी पाहिलं’ या प्रश्नाने सगळ्यांची नजर नळीवर खिळून राहिली, आणि नळी ज्याच्यामुळे वाढते तो कण बाजूला पडला. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की गेल्या तीन दशकांत या क्षेत्रात जे काही खरोखर पुढे सरकलं ते कणाकडे पाहणाऱ्यांमुळे सरकलं, आणि जे अडलं ते कणाकडे न पाहिल्यामुळे अडलं. आपल्याकडे तर ते जास्तच अडलं.

ज्यांना ही नळी नको होती, त्यांनाच तिची वाढ सर्वांत आधी कळली. ब्रिटनच्या हार्वेल इथल्या अणुऊर्जा संशोधन केंद्रात तप्त धातूवर चढणारा कार्बन ही डोकेदुखी होती. तिथे बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आतच वायू सोडण्याची सोय केली, निकेलवर अ‍ॅसिटिलीन सोडला आणि धागा वाढताना प्रत्यक्ष पाहिला. हे 1972 चं काम. वाढीचा वेग तापमानाबरोबर कसा बदलतो ते मोजल्यावर, त्यातून निघालेली ऊर्जा निकेलमधून कार्बन झिरपायला लागणाऱ्या ऊर्जेशी जुळली. त्यावरून त्यांनी चित्र मांडलं: वायू कणाच्या एका बाजूवर फुटतो, कार्बन कणात विरघळतो, आतून पलीकडे जातो आणि तिथे भिंत बनून बाहेर पडतो. पुढे लहान कणांच्या बाबतीत कार्बन आतून जातो की पृष्ठभागावरून सरकतो यावर खूप वाद झाले, पण चर्चेची चौकट हार्वेलचीच राहिली.

दुसरं उदाहरण डेन्मार्कच्या टॉप्सो कंपनीचं. नैसर्गिक वायूवर वाफेची प्रक्रिया करून हायड्रोजन काढणाऱ्या कारखान्यांना ही कंपनी निकेलचा उत्प्रेरक पुरवते. या कारखान्यांत कार्बनचा धागा वाढला की उत्प्रेरकाची गोळी फुटते, नळकांडी तुंबतात. म्हणून धागा कसा वाढतो हे जाणून घेण्यात कंपनीचा सरळ स्वार्थ. 2004 मध्ये तिथल्या हेल्वेग यांच्या गटाने मिथेन आणि हायड्रोजनच्या वातावरणात निकेलच्या कणाचं अणूपातळीवरचं चित्रण प्रसिद्ध केलं. कण वितळत नाही, स्फटिकच राहतो, पण लांबुळका होतो, मग आखडतो, पुन्हा लांबतो. आणि त्याच्या पृष्ठभागावरच्या पायऱ्यांच्या कडांशी कार्बनचे थर जुळत जातात. नळी वाढवणाऱ्या शेकडो प्रयोगशाळांना जे दिसलं नव्हतं ते नळी टाळू पाहणाऱ्यांना दिसलं. यात चमत्कार काही नाही. रोग समजून घ्यायचा तर त्याचं कारण शोधावंच लागतं. यशाचं कारण शोधायची मात्र कुणाला घाई नसते.

आता भट्टीपाशी थोडा वेळ थांबू या, कारण बहुतेक लेख हा भाग दोन ओळींत उरकतात. सिलिकॉनच्या चकतीवर अ‍ॅल्युमिनाचा दहाएक नॅनोमीटरचा थर देतात. त्यावर लोहाचा एक नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे जेमतेम काही अणूंच्या जाडीचा थर. ही चकती क्वार्ट्झच्या नळकांड्यात सरकवून भट्टी सातशे-आठशे अंशांवर नेतात, आत आर्गॉन आणि हायड्रोजन. हवेने गंजलेलं लोह हायड्रोजनमध्ये पुन्हा धातू होतं, आणि सपाट थर फाटून त्याचे अगणित सुटे कण होतात. मग एथिलीन किंवा अ‍ॅसिटिलीन सोडतात. तापमान असं राखायचं की वायू आपला आपण हवेत फारसा फुटू नये, कणावर आल्यावरच फुटावा. तो आपोआप फुटला तर मिळते ती काजळी. प्रत्येक कणावर कार्बनची टोपी धरते, टोपी उचलली जाते आणि तिच्याखाली नळी वाढते. कण दाटीने असतील तर नळ्या एकमेकींना आधार देत सरळ उभ्या वाढतात. याला या क्षेत्रात जंगल म्हणतात. कण मोठा तर नळी जाड, कण लहान तर नळी बारीक. आणि कण मेला की नळी थांबली.

कण मरतो कसा? बऱ्याच वाटांनी. कार्बन जास्त आला, भिंत बनायला वेळ मिळाला नाही, तर कणावर कार्बनचं कवच चढतं आणि तो गुदमरतो. दुसरी वाट अशी की तापलेल्या पृष्ठभागावर लहान कणांतले अणू सुटून मोठ्या कणांना जाऊन मिळतात, लहान विरून जातात, मोठे नळी वाढवण्याच्या कामाचे राहत नाहीत. तिसरी वाट, लोह हळूहळू खालच्या अ‍ॅल्युमिनात जिरतं. यातलं कुठलंही बाहेरून दिसत नाही. भट्टी बंद करून चकती काढल्यावर फक्त एवढंच कळतं की जंगल वाढलं आणि मग वाढायचं थांबलं.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत एकेरी भिंतीच्या नळ्यांचं हे आयुष्य मिनिटाच्या हिशेबात मोजलं जाई. 2004 मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या एआयएसटी संस्थेतल्या केंजी हाता यांच्या गटाने भट्टीत पाण्याची वाफ सोडली, तीही दहा लाखांत काही शे भाग इतकीच. दहा मिनिटांत अडीच मिलिमीटर उंचीचं जंगल उभं राहिलं, आणि त्यात कार्बनचं प्रमाण 99.98 टक्के. नळ्या पृष्ठभागावरून नुसत्या सोलून काढता येत होत्या. तोवर सगळे पाण्याला घाबरत. वायू कोरडा करण्यावर पैसे घालत. टॉप्सोसारख्यांच्या कारखान्यांत मात्र कार्बन चढू नये म्हणून भरपूर वाफ सोडण्याची रीत कितीतरी जुनी होती. तेच पाणी अल्प मात्रेत कणावरचा निरुपयोगी कार्बन जाळतं आणि कणाला श्वास घेऊ देतं. 2009 मध्ये अमेरिकन हवाई दलाच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी आणखी एक कारण दाखवलं: पाण्यामुळे कणांचं एकमेकांत विलीन होणं मंदावतं. एका क्षेत्राचं घरगुती ज्ञान दुसऱ्या क्षेत्रात तीस-चाळीस वर्षं पोचलं नाही. दोन्हीकडे लोह आणि निकेलचे तेच कण होते, पण एकीकडचे लोक रासायनिक अभियंत्यांच्या परिषदांना जात आणि दुसरीकडचे भौतिकशास्त्रज्ञांच्या.

कणाच्या आयुष्याचा हिशेब किती निर्दय असतो ते पाहू. समजा, नळी एक मिलिमीटर वाढेपर्यंत कण जिवंत राहण्याची शक्यता 99 टक्के आहे. ऐकायला उत्तम. पण अर्धा मीटरहून थोडी अधिक, 550 मिलिमीटर लांबीची नळी हवी असेल तर हजारातले जेमतेम चार कण तिथवर पोचतील. तीच शक्यता 99.5 टक्के केली तर शंभरातले सहा पोचतील. अर्ध्या टक्क्याच्या सुधारणेने पंधरापट फरक. बीजिंगच्या त्सिंग्हुआ विद्यापीठातल्या वेइ फेइ यांच्या गटाने 2013 मध्ये 550 मिलिमीटरची नळी वाढवली ती याच प्रकारचा संभाव्यतेचा हिशेब समोर ठेवून. वासेदा विद्यापीठातल्या सुगिमे आणि नोदा यांनी पुढे वेगळा मार्ग धरला: वाढ चालू असताना भट्टीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची वाफ थोडी थोडी पुरवत राहायची, म्हणजे झिजणारा कण पुन्हा भरून निघेल. सव्वीस तासांत 14 सेंटिमीटर उंचीचं जंगल उभं राहिलं. याच नळीची दोरी करून पृथ्वीपासून 36,000 किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेपर्यंत उद्‌वाहन नेण्याच्या गप्पा वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत किती रंगल्या होत्या ते आठवा. त्या पुरवण्यांत नळीची ताकद पोलादाच्या किती पट, हे ठळक असे. कणाचा उल्लेख शोधून सापडत नसे.

दुसरा दुर्लक्षित विषय पुनरावृत्तीचा. एकाच प्रयोगशाळेत, त्याच भट्टीत, तीच कृती, आणि सोमवारी वाढलेलं जंगल गुरुवारी वाढत नाही, ही तक्रार या क्षेत्रातल्या प्रत्येक विद्यार्थ्याची आहे. 2013 मध्ये जॉन हार्ट यांच्या अमेरिकेतल्या गटाने आपल्याच प्रयोगशाळेतल्या चढउतारांचं सांख्यिकी विश्लेषण छापलं. ठळक कारणांत एक निघालं हवेतलं बाष्प. नळकांडं उघडून चकती आत ठेवताना खोलीतली दमट हवा आत शिरते, भिंतींना चिकटते आणि तापवताना सुटत राहते. क्वार्ट्झचं नळकांडंही रोजच्या वापरातल्या बिडाच्या तव्यासारखं असतं, आधी त्यावर काय झालं ते ते विसरत नाही. मागच्या वेळचा कार्बन भिंतीवर असतो, तो हवेत भाजून काढला नाही तर पुढच्या प्रयोगात ढवळाढवळ करतो. पुढच्या कामात त्याच गटाने बाष्पाचा बंदोबस्त केला आणि निकाल स्थिरावले.

ही गोष्ट मिशिगन किंवा मॅसॅच्युसेट्सपेक्षा मुंबईत किंवा रत्नागिरीत अधिक महत्त्वाची आहे हे सांगायला नको. जुलैतल्या मुंबईत हवेची आर्द्रता नव्वदीकडे झुकलेली असते आणि मे महिन्यातल्या नागपुरात ओठ फुटतात. ज्या प्रक्रियेचं यश दहा लाखांतल्या काही शे भाग पाण्यावर अवलंबून, तिच्या अहवालात खोलीची आर्द्रता नोंदलेली नसणं म्हणजे पाककृतीतून मीठ वगळण्याइतका साधा निष्काळजीपणा आहे. तरी ती नोंद आपल्याकडे क्वचित दिसते. पाश्चात्त्य शोधनिबंधात तो रकाना नसतो, म्हणून आपल्यातही नसतो.

आपल्याकडे या विषयाची सुरुवात खरं तर उत्तम झाली होती. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात सी. एन. आर. राव यांच्या गटाने 1997-98 च्या सुमारास फेरोसीनची वाफ करून नळ्या वाढवल्या. फेरोसीनच्या रेणूत लोहही आहे आणि कार्बनही, त्यामुळे वेगळा उत्प्रेरक थर द्यावा लागत नाही. कण वाहत्या वायूतच जन्मतो. कल्पना सुटसुटीत होती आणि जगभर वापरली गेली. मुंबईच्या आयआयटीत महेश्वर शरॉन यांच्या भोवतीच्या मंडळींनी रॉकेलपासून नळ्या आणि धागे मिळवले. 1999 च्या त्या निबंधात जपानच्या मेइजो विद्यापीठातले योशिनोरी आंदोही होते. पुढे मुकुल कुमार आणि आंदो यांनी नागोयात कापूर घेतला. देवापुढे जळणारा तोच कापूर: दहा कार्बन, सोळा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. तो सहज उडून वाफ होतो, त्याच्यातला कार्बन वलयांत बांधलेला असतो, आणि रेणूतला ऑक्सिजनचा एक अणू निरुपयोगी कार्बन जाळायला मदत करतो, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. हाता यांचं पाणी आणि कुमारांच्या कापरातला ऑक्सिजन यांचं नातं लक्षात घेतलं की कापूर निवडण्यामागे ‘स्वदेशी’ हौसेपलीकडचा रासायनिक विचार होता हे पटतं. कमी उत्प्रेरकात जास्त नळ्या मिळतात का, हा प्रश्न त्यांनी विचारला होता.

पण पुढे जे पीक आलं ते वेगळंच. टर्पेंटाइन, निलगिरीचं तेल, मोहरीचं तेल, खोबरेल, एरंडेल... दरेक तेलामागे एक शोधनिबंध. प्रत्येकात सूक्ष्मदर्शकातलं एक चित्र, त्यात शेवयांसारखा गुंता, आणि निष्कर्ष असा की या नैसर्गिक, स्वस्त, पुनर्निर्मितीक्षम तेलापासूनही नॅनोट्यूब मिळतात. मिळणारच. कार्बन असलेलं काहीही तापल्या लोहकणावर धरा, काही ना काही नळीसारखं उगवतं. विटेतही उगवलं होतं. तेल बदलल्याने ज्ञानात भर पडायची तर त्या तेलाने कणाचं काय केलं हे सांगायला हवं: आयुष्य वाढलं का, उत्प्रेरकाच्या दर ग्रॅममागे किती ग्रॅम नळ्या मिळाल्या, दहा वेळा केल्यावर किती वेळा जमलं. असे आकडे नसलेला निबंध म्हणजे पदवीच्या वाटेवरचा टोलनाका. याचा दोष मी विद्यार्थ्यांना देणार नाही. ज्या विद्यापीठाला वर्षाअखेर निबंधांची संख्या दाखवायची आहे, तिथे भट्टी एकच असताना पाच तेलं वापरणं एकच प्रयोग पन्नासदा करण्यापेक्षा शहाणपणाचं ठरतं.

याच वृत्तीचा दुसरा चेहरा म्हणजे प्राचीनतेचा अभिमान. 2006 मध्ये ड्रेस्डेनच्या संशोधकांनी सतराव्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीच्या पोलादात नॅनोट्यूब सापडल्याचं ‘नेचर’मध्ये लिहिलं, तशा तलवारींना लागणारं वुट्झ पोलाद दक्षिण भारतातून जात असे. 2020 मध्ये तमिळनाडूतल्या कीळडी उत्खननातल्या खापरांच्या काळ्या लेपात नळ्या असल्याचा निबंध आला. दमास्कसच्या निष्कर्षाबद्दल शंका घेणारेही आहेत. ते बाजूला ठेवलं तरी हे मान्य करू की लोह, उष्णता आणि जळकं लाकूड जिथे एकत्र येईल तिथे नळी उगवू शकते. लोहार आणि कुंभार थोर कारागीर होते, पण नळीचं ज्ञान त्यांना होतं म्हणणं म्हणजे झोतभट्टीच्या विटेलाही ते होतं म्हणण्यासारखं आहे. त्यांचं खरं ज्ञान तापमान आणि वेळ हातात पकडण्याचं होतं, आणि नेमकी तीच गोष्ट आपण त्यांच्याकडून शिकत नाही.

अवघड प्रश्न अजून पुढे आहे. नळीच्या भिंतीतली जाळी कोणत्या कोनात गुंडाळली गेली यावर ती धातूसारखी वागेल की अर्धवाहकासारखी हे ठरतं. निवड झालीच नाही तर साधारण एक तृतीयांश नळ्या धातुगुणी निघतात. संगणकाच्या चिपमध्ये एकही धातुगुणी नळी घातक, कारण तिचा केलेला स्विच कधी बंदच होत नाही. हा कोन ठरतो तो टोपी धरण्याच्या क्षणी, कणाच्या पृष्ठभागावर. 2009 मध्ये डिंग, हारुत्युन्यान आणि याकोबसन यांनी नळीची वाढ ही स्फटिकातल्या मळसूत्री दोषावर होणाऱ्या वाढीसारखी असते आणि वेग कोनावर अवलंबून असतो असं मांडलं. 2014 मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या यान ली यांच्या गटाने टंग्स्टन-कोबाल्टचा असा मिश्रधातू वापरला जो भट्टीच्या उष्णतेतही आपला आकार सोडत नाही. त्यावर एकाच प्रकारच्या नळ्या 92 टक्क्यांहून अधिक मिळाल्या. आकार टिकवणारा कण, म्हणून ठरलेली नळी. पण चिपला 92 पुरत नाही. 2019 मध्ये एमआयटीत मॅक्स शुलाकर यांच्या गटाने चौदा हजारांहून अधिक नॅनोट्यूब ट्रान्झिस्टरांचा प्रोसेसर चालवून दाखवला, तेव्हा नळ्या वाढल्यानंतर द्रावणात निवडून घेतल्या होत्या आणि उरलेल्या थोड्या धातुगुणी नळ्या त्रास देणार नाहीत अशी मंडलाची रचना केली होती. हे यश मोठंच आहे. मात्र वाढीच्या प्रश्नाला त्यांनी वळसा घातला, तो सोडवला नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बाजाराला कणाच्या आयुष्याशी काय देणंघेणं? नॅनोट्यूब आज सर्वाधिक कुठे खपतात तर लिथियम बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये, वीज वाहून नेणारा काळा मसाला म्हणून. तिथे ना कोन लागतो ना अर्धा मीटर लांबी. गुंतलेल्या, अनेक भिंतींच्या स्वस्त नळ्या चालतात. एंडोंच्या पद्धतीचे जाडसर कार्बन धागे तर नव्वदच्या दशकातच बॅटरीत गेले होते. हे सगळं खरं. पण स्वस्त नळी तरी कुठून आली? जमिनीवर चकत्या मांडून टनावारी माल निघत नाही. उत्प्रेरकाची पूड खालून येणाऱ्या वायूने उकळत्या पाण्यासारखी हलती ठेवायची, आणि नळ्यांचा गुंता वाढत असताना ती जमून दगड होऊ द्यायची नाही. ही करामत त्सिंग्हुआच्या अभियंत्यांनी अनेक वर्षं घालवून बसवली. पुन्हा कणच. याउलट जर्मनीच्या बायरने लेव्हरकुझेनला वर्षाला 200 टन क्षमतेचा कारखाना 2010 मध्ये उघडला आणि 2013 मध्ये हा धंदाच सोडून दिला. माल होता, तो घेणारा ठरलेला नव्हता. हाता यांच्या पद्धतीवरचा झिऑन कंपनीचा कारखाना जपानमध्ये 2015 अखेर सुरू झाला, म्हणजे मूळ शोधानंतर अकरा वर्षांनी. आपल्याकडे किती संस्था एका भट्टीला अकरा वर्षं देतात?

सुरक्षिततेचा मुद्दाही वाढीपाशीच येतो. लांब, ताठ, अनेक भिंतींच्या नळ्या उंदरांच्या पोटातल्या आवरणात अ‍ॅस्बेस्टॉससारखी सूज आणतात, हे एडिंबराच्या गटाने 2008 मध्ये दाखवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2014 मध्ये त्यांपैकी एका विशिष्ट प्रकाराला ‘माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात टाकलं. बाकीच्यांबद्दल पुरावा अपुरा ठरला. आखूड, गुंतलेली नळी आणि लांब, ताठ नळी यांच्यातला फरक भट्टीतच ठरतो. ‘नॅनोट्यूब सुरक्षित आहेत का’ हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. कुठल्या कणावर, किती वेळ वाढवलेल्या, हे आधी विचारावं लागतं. आणि उत्तर मिळेपर्यंत कोरडी पूड उघड्या टेबलावर खलात घोटू नये, ही साधी शिस्त हवी.

अलीकडे वाटाड्या म्हणून यंत्रमानव आले आहेत. अमेरिकन हवाई दलाच्या प्रयोगशाळेने 2016 मध्ये वर्णन केलेली प्रणाली नळी वाढवते, लेसरने तिचा वेग मोजते आणि पुढचा प्रयोग स्वतःच ठरवते. यंत्राकडे ज्ञान आहे असं कुणी म्हणणार नाही. त्याच्याकडे आहे ती फसलेला प्रयोगही टिपून ठेवण्याची सवय, आणि ती सवय लावून घ्यायला लेसर लागत नाही, वही पुरते.

म्हणून विनंती आहे ती पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेला बसणाऱ्या मार्गदर्शकांना आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना. पुढचा विद्यार्थी शेवयांच्या गुंत्याचं चित्र पडद्यावर दाखवील तेव्हा त्याला तीन गोष्टी विचारा: त्या दिवशी खोलीत आर्द्रता किती होती, हाच प्रयोग किती वेळा फसला, आणि वाढ थांबली ती कशामुळे. उत्तरं देता आली तर तेल कोणतं होतं हे विचारलं नाही तरी चालेल.